भाराइतका गूळ

मु. निंबखेडा, ता. समुद्रपूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून तू रागावणार हे धरूनच लिहायला बसले आहे. फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी मोठ्यानं बोलले की अख्खी आळी ऐकते. तेव्हा आपलं हे टपालच बरं.

इकडे वाडीतली वांगी यंदा छान लागली आहेत. मेथी आणि सांभाराच्या हिरव्या जुड्या रोज सकाळी हिंगणघाटच्या बाजारात जातात. पीयूष पहिलीत गेला. त्याला गुरुजींचा धाक नाही, माझा तर नाहीच. त्याचे बाबा बरे आहेत. सासूबाईंचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता खरी गोष्ट लिहिते. आत्या, मी फार जाड झाले आहे. मागच्या वर्षीचे दिवस तू पाहिलेच आहेस. मी खाटेवरून उठत नव्हते, वेणी घालत नव्हते, पीयूष जवळ आला तरी भिंतीकडे तोंड करायचे. तूच मला वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. त्यांच्या गोळ्यांनी मी उठले. आता हसते, वाडीत जाते, मेथीच्या जुड्या बांधताना गाणंसुद्धा म्हणते. पण त्याच गोळ्यांनी अशी भूक लावली आहे की जेवून हात धुतला तरी पाय पुन्हा भाताच्या गंजाकडे वळतात. जुना एकही ब्लाऊज अंगात जात नाही. आरशासमोरून मी खाली बघून जाते.

आणि गंमत म्हणजे गावात सगळे खूश! भेटेल ती बाई म्हणते, तब्येत चांगली झाली, सासर मानवलं. सासूबाई माझ्या गोळ्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणतात. माझा दंड धरून शेजारणींना दाखवतात, बाजारात भोपळा दाखवावा तसा. त्यांच्या मनात वाईट काही नाही, म्हणून तर मला काही बोलता येत नाही.

आता तर संकटच उभं राहिलं आहे. मागच्या वर्षी त्यांनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या फरीदबाबांना नवस बोलला होता, तो मला परवा कळला. रोशनी बरी झाली की तिच्या भाराइतका गूळ वाटीन. या घरची रीत अशी, की अंगणातल्या कडुनिंबाला कापूस मोजायची जुनी मोठी तागडी टांगायची. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. एकेक भेली ठेवताना घरातलं वडीलधारं माणूस मोठ्यानं आकडा म्हणतं आणि जमलेले सोयरे त्याच्यामागून म्हणतात. पीयूषचे बाबा लहानपणी काविळीतून उठले तेव्हा तेही असेच बसले होते म्हणे. लेकराचं ठीक आहे गं. मी तिशीची बाई पारड्यात बसणार आणि सगळी सोयरीक माझ्या भेल्या मोजणार! संक्रांतीनंतरचा गुरुवार ठरला आहे.

त्याच्या आत मला हलकं व्हायचं आहे. काय खाऊ, काय सोडू ते लिही. सासूबाईंना नाही म्हणायची माझी छाती होत नाही. मी उठत नव्हते तेव्हा त्यांनीच मला न्हाऊमाखू घातलं आहे.

उत्तर लवकर दे आणि भाचीवर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
रोशनी

*

सिंदी मेघे, वर्धा
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. रोशनीस,
आनंदाबाईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी जन्मभर चौथीच्या पोरांना वजनमापं शिकवली, पण माणूस गुळात मोजायचा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. तुला ठाऊक आहे, मला नवससायास पटत नाहीत. तरी ज्या बाईनं माझ्या पोरीला न्हाऊमाखू घातलं तिच्या नवसाला मी हसणार नाही. थोडी हसले, ते सोडून दे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. भात एक वाढा घे आणि पोट ज्वारीच्या भाकरीनं भर. आधी भाजी खा, मग बाकीचं. चहात साखर घालताना तुझा हात लहानपणापासून सैल आहे, तो आवर. वाडीत जाताना आमच्या जावयाच्या, श्रावणरावांच्या गाडीवर मागे बसतेस, त्याऐवजी चालत जा. ते हळूहळू गाडी चालवत सोबत आले तर येऊ दे, गावाला करमणूक होईल.

पण इतकं करूनही वजन हललं नाही, तर स्वतःला शिव्या देऊ नकोस. ही भूक तुझ्या जिभेची नाही, औषधाची आहे. डॉक्टरीणबाईंना तू हे सांगितलंस का? माझा अंदाज असा, की त्यांनी कसं वाटतं असं विचारलं, तू मान खाली घालून बरं आहे म्हणालीस आणि चिठ्ठी घेऊन घरी आलीस. पुढच्या खेपेला नीट तोंड उघडून सांग. आणि तुझ्या सासूबाईंना, मंदाबाईंनाही सांग की त्या गोळ्या ताकदीच्या नाहीत, मनाच्या दुखण्याच्या आहेत. त्या शहाण्या आहेत, समजून घेतील.

एक गोष्ट मात्र बजावते. गोळीला आपल्या मनानं हात लावायचा नाही. मला ऐकू कमी येतं, पण तुझ्या मनात काय घोळतंय ते मला इथपर्यंत ऐकू येतं. रोशनी, तू मला जाड चालशील. मागच्या वर्षीसारखी चालणार नाहीस.

मंदाबाईंना व श्रावणरावांना नमस्कार, पीयूषला गोड पापा. जिवाला जप आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
आत्या

*

निंबखेडा
२९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला खोटं लिहायचं म्हटलं की माझा हात चालत नाही, म्हणून एकदम सांगून टाकते. गोळी मी बंद केली.

तू रागावण्याआधी माझं ऐक. तू सांगितलंस तसं भाकर, भाजी, चालणं सगळं करून पाहिलं. काही फरक पडेना. मग मी विचार केला. नवस फेडायचा म्हणजे मी बरी झाले हे चारचौघांत कबूल करायचं. मग बऱ्या माणसाला गोळी कशाला? आणि गोळी चालूच राहणार असेल तर नवस कशाचा फेडायचा? शेवटी एका सकाळी गोळी हातात घेतली आणि पुन्हा पाकिटात ठेवून दिली.

भूक कुठल्या कुठे गेली गं! लग्नातल्या हिरव्या ब्लाऊजचे खालचे दोन हूक लागतात. सासूबाईंना वाटतं नवसासाठी मी उपास धरले आहेत. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

थोडा त्रास होतो. मान वळवली की डोक्यात झिणझिण्या येतात, उभं राहिलं की चक्कर येते. झोप उडाली आहे. लहानसहान गोष्टीला रडू फुटतं. काल पीयूषच्या हातून दूध सांडलं तर मी त्याला मारलं. मग मीच रडत बसले. तो माझ्याजवळ आला नाही, आजीच्या पदरामागे जाऊन उभा राहिला. पण हे जाईल. गुरुवार एकदा पार पडू दे, मग बघू.

घरात कोणाला माहीत नाही. तुला माझी शपथ आहे, कोणाला सांगू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठवणं थांबवू नकोस.

तुझी,
रोशनी

*

सिंदी मेघे
३ जानेवारी २०२५

चि. सौ. रोशनीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझी शपथ मी मानत नाही. या पाकिटासोबत दुसरं पाकीट टाकते आहे, ते मंदाबाईंच्या नावानं आहे. त्यात सगळं लिहिलं आहे. तू चिडशील. चीड.

पीयूष आजीच्या पदरामागे उभा राहिला हे तूच लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत हे जाईल असंही लिहिलंस. मागच्या वर्षीही तू हेच म्हणत होतीस, आणि मी ते मान्य करत बसले होते. यंदा बसणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण प्रश्न चांगला आहे. माझ्या कानात यंत्र आहे म्हणून मला दारावरची कडी ऐकू येते. ऐकू येतं, तेव्हा आता कान सुधारला, असं म्हणून मी यंत्र काढून ठेवलं तर काय होईल? मी यंत्रासकट बरी आहे. तूही गोळीसकट बरी होतीस. पुढे कधी गोळी सुटेल, कधी बदलेल, ते डॉक्टरीणबाई आणि तू मिळून ठरवा. तागडीला त्यात विचारायचं काही कारण नाही.

जाडीचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. बाईमाणसाला आरसा चुकवून जगणं किती जड जातं, ते मला समजतं. पण ते दुःख घेऊन माझ्याशी भांड, डॉक्टरीणबाईंशी भांड, सासूशीही भांड. गोळीशी एकटीनं भांडू नकोस.

जीव लावून आहे म्हणून कडक लिहिलं. कळव.

तुझी,
आत्या

*

निंबखेडा
२० जानेवारी २०२५

आनंदाबाई विहीणबाईस,
मंदाबाईचा रामराम.

मले लिवता येत नाई, म्हणून मी बोलून राह्यली आन श्रावण लिहून राह्यला. तुमचं पत्र आलं तवा घरात तिळाचे लाडू चालू होते. श्रावणनं वाचून दाखवलं. पहिले त मी तुमच्यावरच चिडली. म्हटलं, माह्या घरची गोष्ट या बाईले माहीत आन मले काऊन नाई?

मंग आत जाऊन पाह्यलं. पोरगी भिताडाकडे तोंड करून पडून होती. मागच्या साली पडून राहे तशीच. केसायले तेल नाई, डोळे उघडे. तिचं जेवण कमी झालं हे मी पाहून राह्यली होती, पण मले वाटलं नवसाचे उपास करते, मोठी गुणाची हाय.

मले कोनी सांगितलंच नाई का त्या गोळ्यायनं अंग भरते. आमच्याकडे माणूस सुकला म्हणजे बिमार आन भरला म्हणजे बरा, मले तेवढंच समजते. मी तिचा दंड धरून गावाले दाखवत हिंडली आन ती आतल्या आत जळत होती.

विहीणबाई, एक गोष्ट तुमाले सांगते. श्रावणलेबी आजच सांगून राह्यली. तिच्या पहिल्या दुखन्यात पोळ्याच्या दिवशी मी तिले न्हाऊ घालाले उचललं. येवढी मोठी बाई, पण हातात अशी हलकी लागली, कपाशीची वाळली पऱ्हाटी उचलावं तशी. मले भेव वाटलं का आता ही काही राह्यत नाई. तवा मी गिरडाकडे तोंड करून म्हटलं, बाबा, इचं वजन इले वापस दे, तेवढाच गूळ मी तुह्या दारात वाटतो. मी वजनच मांगतलं होतं, बाई. तिच्या अंगावर जे जे चढलं ते मले बाबानं देल्लं वाटे. तिले ते नको होतं हे मले काय माहीत.

तिले डाक्टरीणबाईकडे नेलं. त्या रागावल्या नाई. गोळी फिरून चालू केली. म्हणाल्या का भूक गोळीचीच हाय, इच्यात हावरटपना काही नाई, इनं आधी सांगितलं असतं त आधीच इलाज केला असता. सावरली का दुसरी गोळी हळूहळू लावून पाहू म्हणाल्या. रक्तातली साखरबी तपासली, ती ठीक हाय.

नवस थांबवला. सोयऱ्यायले सांगितलं येऊ नोका. काऊन म्हणून इचारलं त सांगितलं, सून मनाच्या दुखण्याची गोळी खाते, ते दुखनं पुन्हा आलं. आता लपवून काय करू? रोशनीले म्हटलं, तू म्हणशील तवा करू, म्हणशील तिथं करू. नाई म्हणशील त मी एकटी गिरडले जाऊन बाबाले समजावून येतो. तो समजदार हाय.

तुमच्यावर माहा राग नाई. सवड झाली का येऊन जाजा. पोरीवर नजर अशीच ठेवजा.

मंदाबाई

ता. क. आई बोलली तसं लिहिलं. मी रोज रोशनीच्या सोबत होतो आणि मला काही कळलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आता ती गोळी स्वतः घेते. मी पाण्याचा गिलास आणून देतो आणि तिथंच बसतो. तुमचा जावई, श्रावण.

*

निंबखेडा
१३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला ताण नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तू दुसऱ्या कोणाकडून वाचून घेणार नाहीस हे मला माहीत आहे.

इतके दिवस लिहिलं नाही. पहिला महिना तुझ्यावर रुसले होते, दुसरा महिना लाज वाटत होती. आता दोन्ही संपलं. तू सांगितलं नसतंस तर मी कुठे गेले असते याचा विचार आता करवत नाही.

सासूबाई तुला पत्र सांगत होत्या तेव्हा मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझं वजनच मागून घेतलं होतं हे ऐकून आधी मला राग आला. मागायचं तर माझं हसू मागायचं, झोप मागायची! मग रडू आलं ते थांबेचना. माझ्या ज्या अंगाकडे मला बघवत नव्हतं, त्याकडे बघून ही बाई रोज देवाचे आभार मानत होती.

नवी गोळी मागच्या महिन्यापासून सुरू आहे. भूक आटोक्यात आली आहे. वजन थोडंसं उतरलं, फार नाही. मला अजूनही ते आवडत नाही, आणि आवडतं असं मी कोणाला दाखवतही नाही. नव्या मापाचे ब्लाऊज शिवून घेतले. शिंपीणबाईनं टेप लावली तेव्हा मी आकडा विचारला नाही. पीयूष आता पुन्हा माझ्याजवळ झोपतो. मी त्याला मारलं होतं त्याबद्दल मी त्याची माफी मागितली, तर त्यानं मला वेड्यात काढलं.

नवसाचं मीच सांगितलं, करूया म्हणून. अंगणात नको, वाडीत करू, घरचीच माणसं, आणि आकडा कोणी म्हणायचा नाही. विहिरीजवळच्या आंब्याला तागडी टांगली. पीयूषच्या बाबांनी भेल्या ठेवायला घेतल्या. सवयीनं सासूबाईंच्या तोंडून पहिला आकडा निघालाच, मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही. मी पारड्यात अंग चोरून बसले होते. जमिनीवरचे पाय उचलले गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोर करकरत होता.

या गुरुवारी गूळ घेऊन गिरडला गेलो. ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून लवकर निघालो. मालाच्या गाडीत सासूबाई पुढे बसल्या आणि त्यांनी ड्रायव्हरला माझं सगळं दुखणं सांगितलं, गोळीच्या नावासकट. मी मागून त्यांचा पदर ओढत होते. त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला आणि नव्या गोळीचं सांगायला लागल्या. आता त्या लपवतच नाहीत काही, तेही जरा जास्तच झालं आहे.

टेकडीच्या पायथ्याशी पोती उतरवली. गूळ दोन पोत्यांत भरला होता. एक पीयूषच्या बाबांनी खांद्यावर घेतलं, एक चुलतदीर रूपराव यांनी. दोघंही रोज भाजीचे कट्टे उचलणारी माणसं. पण चढ लागला आणि अर्ध्यावर दोघांनीही पोती खाली टेकवली, घामाघूम होऊन. रूपरावभाऊजी तर खालीच बसले. मी त्यांच्या बाजूनं चढत होते. मलाही धाप लागत होती, मीही थांबत होते. तिथं त्या पोत्यांकडे पाहून माझ्या डोक्यात आलं, की जे या दोघांना मिळून उचलवत नाही, तेवढंच मी एकटी अंगावर घेऊन चढते आहे. रोज विहिरीवर, वाडीत, चुलीपाशी तेवढंच घेऊन फिरते आहे. आणि वाळल्या पऱ्हाटीसारखी हलकी होते तेव्हा मला खाटेपासून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं.

मला माझं फार कौतुक वाटलं, आत्या. लिहितानाही लाज वाटत नाही. सासूबाईंना माझा हात दिला, त्यांचे गुडघे बोलत होते. त्यांचाही अर्धा भार मग माझ्यावरच आला. पण चालले. आम्ही दोघी वर पोचलो आणि पोत्यांची वाट पाहत सावलीत बसून राहिलो.

तुझ्या वाटणीचा गूळ पीयूषच्या बाबांबरोबर पाठवते. पुढच्या खेपेला तू ये. रागावायचा तुझा हक्क असाच राहू दे.

तुझी,
रोशनी